७२ सेकंदांत ‘जेजुरी’: एका प्रश्नपत्रिकेचं वाचन

कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते, आता तर वेबसीरिजच्या ट्रेलरचीही होते. प्रश्नपत्रिकेची मात्र कुणी करत नाही. पेपर सोपा होता की अवघड, कटऑफ किती जाईल, उत्तरतालिकेत चुका किती, एवढ्यावर चर्चा संपते. साहित्य शिकू पाहणारी हजारो मुलं दरवर्षी जे एक लिखाण अत्यंत बारकाईनं, घड्याळाकडे बघत, जीव मुठीत धरून वाचतात, ते लिखाण म्हणजे प्रश्नपत्रिका. इतकं मन लावून वाचल्या जाणाऱ्या मजकुराला समीक्षक नसावा, हे काही बरं नाही.

मी बोलतेय ती सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजी विषयाच्या पेपरबद्दल. २०२२ साली ही परीक्षा सुरू झाली. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ अशा ठिकाणी इंग्रजीत एमए करायचं तर आता हा दरवाजा ओलांडावा लागतो. ७५ प्रश्न, ९० मिनिटं. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेतून आणि तालुक्याच्या कॉलेजातून बीए करून मी ही परीक्षा दिली, आणि आता दर रविवारी आमच्याच भागातल्या सात-आठ मुलामुलींची व्हिडिओ कॉलवर तयारी करून घेते. त्यामुळे हे पेपर मी दोन्ही बाजूंनी वाचलेत: आधी सोडवायला आणि आता समजावून सांगायला. समजावून सांगताना लक्षात येत गेलं की या पेपरला स्वतःची अशी साहित्यदृष्टी आहे. साहित्य म्हणजे काय, वाचणं म्हणजे काय, याबद्दल त्याची ठाम मतं आहेत. तो ती कुठे बोलून दाखवत नाही, एवढंच.

क्रम लावा

या परीक्षांमध्ये एक प्रश्नप्रकार फार लाडका आहे: पुढील पुस्तकं प्रकाशनवर्षानुसार लावा. अशा धर्तीचा एक प्रश्न मीच तयार करते. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’, राजा राव यांची ‘कांतापुरा’, अहमद अली यांची ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ आणि आर. के. नारायण यांची ‘द गाइड’. उत्तर: १९३५, १९३८, १९४०, १९५८. खाली चार पर्याय. सराव झालेला विद्यार्थी चारही सालं आठवत बसत नाही. सगळ्यात जुनी ‘अनटचेबल’ आणि सगळ्यात नवी ‘द गाइड’ एवढं माहीत असलं की बहुतेक वेळा दोन पर्याय तिथेच गळतात. उरलेल्या दोनांत मधली जोडी बघायची. वीस सेकंदांत काम फत्ते.

आता हाच क्रम जरा थांबून बघा. ‘अनटचेबल’च्या शेवटाकडे गांधीजी प्रत्यक्ष येतात, सभेत बोलतात आणि सफाईकाम करणारा बाखा ते ऐकतो. तीन वर्षांनी आलेल्या ‘कांतापुरा’त गांधीजी गावात येतच नाहीत, त्यांची गोष्ट येते, हरिकथेतून, मूर्तीच्या तोंडून. हा मूर्ती उपवास करतो आणि त्या उपवासावर कादंबरीची पूर्ण श्रद्धा आहे. वीस वर्षांनी ‘द गाइड’मध्ये पुन्हा एक माणूस गावासाठी उपवासाला बसतो. पण हा राजू तुरुंगातून सुटलेला, लोकांनी गैरसमजातून साधू करून टाकलेला. उपवास त्याच्या गळ्यात पडतो. आणि तरीही शेवटी तो उपवास खरा झाला की काय, असं वाटायला लागतं. मधे १९४७ होऊन गेलंय. एका देशाचा उपवासावरचा विश्वास वीस वर्षांत कुठून कुठे गेला, हे या दोन पुस्तकांमधल्या अंतरात दिसतं.

म्हणजे सालं निरर्थक नाहीत. ‘पाठांतर वाईट, आकलन चांगलं’ असं सोपं वर्गीकरण मला म्हणूनच पटत नाही. १९३८ आणि १९५८ हे आकडे डोक्यात असल्याशिवाय मूर्ती आणि राजू यांची तुलना सुचणार नाही. अडचण पुढे आहे. क्रम लागला की इथून विचार सुरू व्हायला हवा आणि पेपर नेमका इथेच ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ म्हणतो. त्याच्यासाठी क्रम हे उत्तर आहे. वाचणाऱ्यासाठी तो प्रश्न असायला हवा.

रिचर्ड्स उलटा

आय. ए. रिचर्ड्स हे नाव या परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. ‘प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम’ १९२४, ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ १९२९. त्याच्या आधी, १९२३ मध्ये, ऑग्डेनसोबत ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’. यांचाही क्रम लावायला येऊ शकतो.

पण या माणसानं केलं काय होतं? केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना त्यानं कविता वाटल्या आणि त्यांवरून कवींची नावं काढून टाकली. साल नाही, कालखंड नाही, काही नाही. फक्त ओळी. वाचा आणि काय वाटतं ते लिहून द्या. विद्यार्थी इंग्लंडमधल्या नामांकित विद्यापीठातले, इंग्रजी मातृभाषा असलेले. तरी त्यांची तारांबळ उडाली. त्या कवितांमध्ये डन होता, हॉपकिन्स होता, लॉरेन्स होता. नाव झाकल्यावर भल्याभल्यांना त्या ओळींचा साधा अर्थसुद्धा लागेना, आणि आज कुणाला आठवत नाहीत अशा कवींना दाद मिळाली. रिचर्ड्सनं या लेखी प्रतिसादांची छाननी करून वाचन कुठे कुठे अडखळतं याची यादी केली. साधा अर्थ न कळणं, ठरीव प्रतिक्रिया देणं, आधीच ठरवलेल्या मतांनी कवितेला तोलणं, अशी ती यादी आहे. स्वतःच्या वाचनाकडे बघायला आजही उपयोगी पडते.

रिचर्ड्सनं नावं काढून कविता दिल्या. आपला पेपर बऱ्याचदा कविता काढून नावं देतो. डनच्या नावापुढे ‘मेटाफिजिकल’, हॉपकिन्सच्या नावापुढे ‘स्प्रंग ऱ्हिदम’, एलियटच्या नावापुढे ‘द वेस्ट लँड, १९२२, पाच भाग’. जोड्या लावा. या पद्धतीत सर्वात गमतीदार गोष्ट रिचर्ड्सच्याच वाट्याला आली आहे. ज्यानं लेबल काढून वाचायला शिकवलं, त्याच्यावर आपण ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ असं लेबल चिकटवून त्याला जोड्यांच्या तक्त्यात बसवलं.

पेपरात उतारे येतच नाहीत असं नाही. येतात आणि त्यांवरचे काही प्रश्न चांगलेही असतात. पण उताऱ्याचं गणित बघा. नवी कविता एकदा नीट वाचायलाच दोन मिनिटं लागतात. मग प्रश्न, मग पर्याय. ७२ सेकंदांच्या सरासरीत उतारा तोट्यात जातो. म्हणून क्लासवाले एकमुखानं सांगतात: उतारे शेवटी घ्या, वेळ उरला तर. साहित्याच्या परीक्षेत साहित्य ‘वेळ उरला तर’ या सदरात जातं.

हे आजचं दुखणं नाही

हा सगळा दोष संगणकाचा आणि बहुपर्यायी प्रश्नांचा आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण इंग्रजी साहित्य आणि स्पर्धापरीक्षा यांचं नातं फार जुनं आहे आणि ते आपल्याच देशाच्या निमित्तानं जुळलं.

१८५४ साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं भारतातल्या सनदी नोकरीसाठी खुल्या परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा झाली. एकूण गुण ६,८७५. त्यांतले १,५०० गुण इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहासाला. कुठल्याही विषयाहून जास्त. ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५०. ज्या देशावर राज्य करायचं त्या देशाच्या संस्कृतला ३७५. ऑक्सफर्डमध्ये तेव्हा इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र पदवीचा विषयही नव्हता. म्हणजे विद्यापीठानं त्याला मान द्यायच्या आधी परीक्षेनं दिला. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या पुस्तकात हाच धागा शिक्षणाच्या बाजूनं उलगडलाय: इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी भारतात रुजला, कारण इथे त्याच्याकडून राज्यकारभाराचं काम करून घ्यायचं होतं.

ऑक्सफर्डमध्ये १८८७ च्या सुमारास हा विषय आणायची चर्चा सुरू झाली तेव्हा इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की आवडनिवड आणि सहृदयता यांची परीक्षा घेता येत नाही. परीक्षा फक्त माहितीची घेता येते. पुढे १८९० च्या दशकात तो विषय सुरू झाला तो जुनी इंग्रजी आणि भाषाशास्त्र यांचं भरपूर ओझं घेऊनच. निदान त्यात तरी बरोबर-चूक ठरवता येतं, म्हणून.

फ्रीमन यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपला बहुपर्यायी पेपर म्हणजे त्या प्रश्नापुढे पत्करलेली शरणागती आहे. रसिकता मोजता येत नाही ना? मग सालं मोजू.

मग निबंध लिहून घ्यावा का?

इथे अनेक जण म्हणतील की पूर्वीच्या वर्णनात्मक परीक्षा परत आणा. जेएनयूची स्वतःची प्रवेशपरीक्षा २०१९ मध्ये संगणकावर आणि बहुपर्यायी झाली. त्याआधीच्या दीर्घोत्तरी पेपरांबद्दल माझे सीनियर फार हळवे होऊन बोलतात. त्यांचा हळवेपणा मला समजतो. पण त्या काळाच्या आरतीत मी सामील होणार नाही.

माझ्यासारख्या विद्यार्थ्याचा विचार करा. बीएच्या तीन वर्षांत आम्ही इंग्रजीत ‘लिहिलं’ म्हणजे काय? ‘थीम्स इन मॅकबेथ’ या प्रश्नाचं गाइडमधलं दीड पानाचं उत्तर, तीच चार मोठी विशेषणं, तोच शेवटचा परिच्छेद. वर्गात सर मॅकबेथ मराठीतून समजावून सांगायचे आणि ते समजायचंही छान. पण ते समजलेलं इंग्रजीत उतरवायची सवय कुणी लावली नव्हती. दिल्लीतल्या किंवा पुण्या-मुंबईतल्या चांगल्या कॉलेजातली मुलगी लहानपणापासून इंग्रजीत वाद घालत आलेली असते. दोघींना कोरा कागद दिला तर कुणाची ‘मौलिक दृष्टी’ आधी नजरेत भरेल? बऱ्याचदा ज्याला मौलिकता म्हणतात ती सफाई असते, आणि सफाई घरातून येते.

तोंडी परीक्षेचं तर बोलायलाच नको. जेएनयूमध्ये एम.फिल.-पीएच.डी.च्या प्रवेशात मुलाखतीचे गुण कमी करा, ही मागणी वंचित समाजांतले विद्यार्थी वर्षानुवर्षं करत होते. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुलं मुलाखतीत खाली जातात, हे त्यांचं म्हणणं. अब्दुल नाफे समितीनं ही तफावत मान्य करून मुलाखतीचं वजन ३० वरून १५ गुणांवर आणायची शिफारस केली. तर २०१६ च्या यूजीसीच्या नियमांनी उलट लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोपवली. त्यावरून आंदोलनं झाली आणि पुढे नियम बदलावे लागले.

संगणक आडनाव विचारत नाही. उच्चार ऐकून भुवई उंचावत नाही. मी १९५८ वर क्लिक केलं तर मला ४ गुण, दिल्लीच्या मुलीनं केलं तरी ४. हा न्याय छोटा आहे पण खरा आहे, आणि ज्यांना तो कधी मिळाला नव्हता त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. म्हणून या पेपरवर टीका करताना माझा रोख बहुपर्यायी पद्धतीवर नाही. या पद्धतीतही चांगलं विचारता येतं आणि तरी विचारलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि ही तक्रार एमएच्या प्रवेशापुरती नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरले जातात. नेटच्या इंग्रजीच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, सगळे पर्यायी. म्हणजे एमएला शिरताना, पीएच.डी.ला शिरताना आणि प्राध्यापक व्हायला पात्र ठरताना, तिन्ही वेळा लेखी परीक्षेत साहित्यावर स्वतःचं एक वाक्य लिहावं लागत नाही. जे उद्या वर्गात ‘तुला या कवितेबद्दल काय वाटतं?’ असं विचारणार, त्यांना हा प्रश्न या दारांवर कुणी विचारलेलाच नसेल.

पाठांतराची बदनामी

तयारीची आजची दुनिया तुम्हाला माहीतच आहे. टेलिग्रामवर पीडीएफ, यूट्यूबवर ‘संपूर्ण इंग्रजी साहित्याचा इतिहास ४ तासांत’, व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी दहा वन-लायनर. यात वन-लायनर हा प्रकार मला अभ्यासण्यासारखा वाटतो. ‘बायोग्राफिया लिटरारिया, कोलरिज, १८१७, फॅन्सी आणि इमॅजिनेशन.’ क्रियापद नाही, कर्ता नाही, कुणी काही म्हणत नाही. फक्त नामं एकापुढे एक उभी. साहित्यात घडतं ते क्रियापदांत. वन-लायनरमध्ये काही घडतच नाही.

आपल्याला पाठांतराची सवय आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. माझ्या आजीला शाळा माहीत नव्हती पण तुकोबांचे कितीतरी अभंग तोंडपाठ होते. जात्यावर, शेतात, कुणाच्या मयताला, जिथे जो हवा तिथे तो अभंग तिला आठवायचा. तिला तुकोबांचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. तिच्या पाठांतरात ओळ होती, ओळीभोवतीचा तपशील नव्हता. आमच्या पाठांतरात ओळीभोवतीचं सगळं आहे, फक्त ओळ नाही. म्हणून पाठांतराला झोडपण्याऐवजी एवढंच विचारायला हवं की पाठ काय केलं.

आपलीच पुस्तकं, परक्या नावानं

या परीक्षेच्या तयारीत मराठी मुलांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. भारतीय साहित्य इंग्रजी अनुवादातून या विभागात आपली पुस्तकं येतात आणि ती आपल्याला ओळखू येत नाहीत.

रविवारच्या आमच्या ग्रुपमध्ये अनुवादकांच्या जोड्यांचा तक्ता पाठ करणं चालू होतं. ‘द प्रिझन्स वी ब्रोक’: माया पंडित, २००८. ‘द आउटकास्ट’: संतोष भूमकर, २००३. ‘पॉयझन्ड ब्रेड’: संपादक अर्जुन डांगळे, १९९२. ‘सेज तुका’: दिलीप चित्रे, १९९१. मुलांनी दहा मिनिटांत पाठ केलं. मग मी विचारलं, ‘द प्रिझन्स वी ब्रोक’चं मराठी नाव काय? शांतता. ते बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणच्या बाईनं लिहिलेलं, १९८६ साली पुस्तकरूपात आलेलं, आमच्या तालुक्याच्या वाचनालयात धूळ खात असलेलं. ग्रुपमधल्या एका मुलीच्या घरी ते कपाटात होतं. तिनं ते वाचलंही होतं. पण आपण पाठ करतोय ते हेच, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग आम्ही तासभर दोन शीर्षकांवरच बोललो. ‘जिणं आमुचं’ म्हणजे आमचं जगणं. सांगणारी ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणते. ‘आमुचं’ हा उच्चारही वस्तीचा, प्रमाण भाषेतला ‘आमचं’ नव्हे. इंग्रजी शीर्षकात तुरुंग आले आणि ते तोडल्याचा निर्धार आला. ‘आम्ही’ टिकलं, ‘जिणं’ गेलं. काय मिळालं, काय गेलं? इंग्रजी वाचकाला शीर्षकातच लढाई दिसायला हवी म्हणून असं केलं असेल का? सगळ्यांचं एकमत झालं नाही. पण ही मराठी मुलं त्या तासाभरात अनुवादाची समीक्षा करत होती, आणि ती करायची पात्रता त्यांच्यात जन्मापासून होती. दोन्ही भाषा वाचता येणं ही या परीक्षेतली त्यांची अडचण मानली जाते. खरं तर ती त्यांची कमाई आहे.

‘जेजुरी’चंही तेच. अरुण कोलटकर, १९७६, कॉमनवेल्थ कविता पुरस्कार १९७७. झालं, पुढचा प्रश्न. आता बघा, खंडोबाला गेलेला, देवळाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास पैसे द्या, देव दाखवते’ म्हणत मागे लागलेली म्हातारी पाहिलेला, घरी टाक आणि दारात जागरण-गोंधळ असलेला एखादा मुलगा हे पुस्तक उघडतो तेव्हा काय होतं? कवितेतला बोलणारा माणूस बसमधून आलेला, श्रद्धा नसलेला, कोरड्या विनोदानं सगळं टिपणारा आहे. हा मुलगा त्या माणसावर चिडू शकतो: तू आमच्या देवाकडे असा पर्यटकासारखा का बघतोस? किंवा पडक्या देवळात पिलं घेऊन विसावलेली कुत्री दिसते तिथे थबकून त्याला वाटू शकतं की हा माणूस म्हणतो तितका अश्रद्ध नसावा. दोन्ही वाचनांना संहितेत आधार आहे. आणि या कवीनं मराठीतही तितकीच मोठी कविता लिहिली, ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे कळलं की तिसराच प्रश्न उभा राहतो: जेजुरीसारख्या ठिकाणाबद्दल लिहायला त्यानं इंग्रजी का घेतली असेल? असे प्रश्न पडणारा मुलगा आणि १९७६ वर क्लिक करणारा मुलगा, पेपरला दोघांत फरक दिसत नाही.

पर्यायांतही चांगलं विचारता येतं

मग चांगला पर्यायी प्रश्न कसा असेल? फार क्रांतिकारक काही नको. न पाहिलेली आठ-दहा ओळींची कविता द्या, नावाशिवाय. विचारा: बोलणाऱ्याचा सूर कोणत्या ओळीपासून बदलतो? चार ओळींचे क्रमांक द्या. याला एक बरोबर उत्तर असू शकतं. किंवा एकाच मूळ वाक्याचे दोन इंग्रजी अनुवाद द्या आणि विचारा की दुसऱ्यात कोणती छटा वाढली आहे. किंवा कादंबरीतला अर्धा परिच्छेद द्या आणि विचारा की हे वाक्य निवेदकाचं आहे की पात्राच्या मनातलं. साहित्यात सगळंच ‘ज्याचं त्याचं मत’ नसतं. कोण बोलतंय, उपरोध कुठे आहे, कोणता अर्थ या ओळींतून निघूच शकत नाही, हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. आणि इथे वन-लायनर कामाला येत नाहीत. वाचावंच लागतं.

असे ३० प्रश्न ठेवा, सालं-जोड्यांचे २० ठेवा, ९० मिनिटं तीच राहू द्या. ७५ वरून ५० वर आल्यानं प्रश्नामागे १०८ सेकंद मिळतील. तालुक्याच्या मुलीवर यात अन्याय होणार नाही, कारण तिला सफाईदार इंग्रजी लिहायचं नाही, लक्ष देऊन वाचायचं आहे.

तोवर

तोवर पेपर आहे तसाच आहे आणि आपल्याला तो द्यायचा आहे. रविवारच्या ग्रुपला मी जे सांगते ते इथेही सांगते.

पहिलं, गणित. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर चारातून एकदा ४ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे सरासरी पाव गुण हातातच पडतो. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर ही सरासरी दोन-तृतीयांश गुणावर जाते. निगेटिव्ह मार्किंगच्या धाकानं प्रश्न सोडून देऊ नका. हा धाक आमच्यासारख्या, आधीच स्वतःवर कमी विश्वास असलेल्या मुलांनाच जास्त बसतो.

दुसरं, प्रत्येक कालखंडातलं एक तरी पुस्तक किंवा चार कविता मुळातून वाचा. जुन्या संहिता बहुतेक फुकट मिळतात, मोबाइलवर वाचता येतात. डनची एक कविता नीट वाचली की ‘मेटाफिजिकल’ हा शब्द लक्षात ठेवावा लागत नाही.

तिसरं, मराठीचा आधार घ्यायला लाजू नका. अॅरिस्टॉटल इंग्रजीतून डोक्यावरून जात असेल तर विंदा करंदीकरांचं ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आहे, १९५७ चं. ‘किंग लिअर’ही त्यांनी मराठीत आणलाय. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. शेक्सपिअर आपल्याकडे प्रवेशपरीक्षेतून आलेला नाही, रंगभूमीवरून आलाय. तो त्या दारानं घरात घेतला की परका वाटत नाही.

आणि शेवटचं. पाठ केलेल्या प्रत्येक दहा सालांमागे एक वाक्य स्वतःचं लिहा. इंग्रजीत जमलं तर इंग्रजीत, नाही तर मराठीत. ‘मूर्तीचा उपवास आणि राजूचा उपवास यांत फरक असा की...’ एवढं सुरू केलं तरी चालेल. ते वाक्य कुणी तपासणार नाही, त्याला गुण नाहीत. पण एमएच्या पहिल्या तासाला कुणीतरी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारतं, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं वहीत साल शोधतात. त्या वेळी तुमच्याकडे म्हणायला काहीतरी असेल.